डोंगर नेमके काय शिकवतो?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून शिबिरांची पत्रके फिरू लागतात. दोरावरून उतरणे, दरीवर बांधलेल्या दोरावरून पलीकडे जाणे, रात्रीची पायवाट, तंबूतला मुक्काम असा तीन दिवसांचा कार्यक्रम असतो आणि पत्रकाच्या तळाशी ठरलेली यादी असते: आत्मविश्वास, नेतृत्वगुण, संघभावना, निर्णयशक्ती. आपण शिक्षक ही यादी वाचतो, बसभाड्याची चौकशी करतो आणि पालकांची संमतिपत्रे गोळा करायला लागतो. यादीबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही.

एखादा विक्रेता नवे खत घेऊन आला तर शेतकरी त्याला सहज विचारतो की खत किती घालायचे, कोणत्या जमिनीत घालायचे, आणि न घातलेल्या वाफ्यात पीक किती आले. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना हेच तर शिकवतो. मग मुलांच्या मनाच्या वाढीचा दावा करणाऱ्या पत्रकाला हे प्रश्न का विचारू नयेत? डोंगरात जाणे चांगले की वाईट, हा येथे वादाचा विषय नाही. प्रस्तुत लेखक स्वतः वीसेक वर्षे मुलांना घेऊन सह्याद्रीत हिंडला आहे. प्रश्न एवढाच की डोंगर मुलांना नेमके काय देतो, आणि ते कशावरून?

दाव्याचे मूळ

साहस-शिक्षण म्हणून आज जे ओळखले जाते त्याचा मोठा प्रवाह कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञापासून निघतो. हान १८८६ मध्ये बर्लिनला जन्मले. १९२० मध्ये दक्षिण जर्मनीत झालेम येथे सुरू झालेल्या निवासी शाळेचे ते प्रमुख होते. हिटलरला उघड विरोध केल्याबद्दल १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते ब्रिटनला गेले आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा काढली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात ब्रिटनची व्यापारी जहाजे बुडवत होत्या. लॉरेन्स होल्ट या जहाज कंपनीच्या मालकाला असे वाटत होते की जहाज बुडाल्यावर जीवरक्षक होडीत तरुण खलाशी लवकर धीर सोडतात, तर शिडाच्या जहाजांवर आयुष्य काढलेले जुने खलाशी टिकून राहतात. या विचारातून होल्ट आणि हान यांनी १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडोव्ही येथे 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा सुरू केली. महिनाभराच्या त्या शिक्षणक्रमात लहान होड्या चालवणे, नकाशावरून वाट काढणे, डोंगरातली मोहीम आणि बचावकार्याचा सराव यांचा समावेश होता. आज आउटवर्ड बाउंडच्या शाळा अनेक देशांत आहेत, आणि तिच्या पद्धतीची नक्कल करणाऱ्या संस्थांना तर गणतीच नाही.

ही कथा साहस-शिक्षणावरील बहुतेक पुस्तकांत येते. ती ज्या बाजूने सांगितली जाते, ती बाजू मात्र तपासून पाहायला हवी. जुने खलाशी का टिकत होते? त्यांना समुद्र ठाऊक होता. वारा कसा फिरतो, होडी लाटेला कशी लावायची, प्याले-प्याले पाणी कसे पुरवायचे, हे त्यांनी वर्षानुवर्षे त्याच समुद्रावर शिकून घेतले होते. म्हणजे होल्ट यांचे निरीक्षण खरे मानले तरी त्यातून सिद्ध होते ते इतकेच, की समुद्रावर दीर्घकाळ काम केलेला माणूस समुद्रावर टिकतो.

पण शाळेने यापुढचे पाऊल टाकले. हे शिक्षण समुद्रासाठी नाही, समुद्रामार्फत आहे, आणि म्हणून ते आयुष्याच्या कोणत्याही क्षेत्रात उपयोगी पडेल, असा विचार मांडला गेला. जी मुले पुढे कधीच जहाजावर चढणार नव्हती त्यांनाही आता होडीत बसवायचे होते. 'साठी' आणि 'मार्फत' या दोन शब्दांमधले अंतर मोठे आहे. आपल्या हाती येणारे पत्रक याच अंतरावरून उडी मारते. उडी मारता येते का, हा खरा शास्त्रीय प्रश्न आहे.

एका जागचे शिक्षण दुसऱ्या जागी जाते का?

हा प्रश्न साहस-शिक्षणाहून जुना आहे. लॅटिन किंवा भूमिती शिकल्याने 'बुद्धीला व्यायाम' मिळतो आणि ती सर्वच विषयांत तल्लख होते, अशी एके काळी समजूत होती. १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ही समजूत प्रयोगाने तपासली. त्यांनी लोकांना आयतांच्या क्षेत्रफळाचा नजरेने अंदाज करायला शिकवले. सरावाने अंदाज सुधारले. पण आकृतीचा आकार किंवा आकारमान बदलताच त्या सुधारणेतला बराच भाग गळून पडला. नव्या कामात जुन्या कामाचे घटक जितके सारखे, तितकेच शिक्षण पुढे जाते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

बुद्धीचे हे झाले, गुणांचे काय? १९२८ ते १९३० या काळात हार्टशोर्न आणि मे यांनी अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाच्या कसोट्या घेतल्या. परीक्षेत नक्कल करण्याची संधी, खेळात गुण वाढवून सांगण्याची संधी, पैसे परत न करण्याची संधी अशा निरनिराळ्या प्रसंगांत मुले कशी वागतात ते त्यांनी नोंदले. एका प्रसंगात प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रसंगातही तसेच राहील, असे फारसे आढळले नाही. पुढच्या संशोधकांनी अनेक कसोट्यांची बेरीज करून पाहिली तेव्हा मुलांच्या वागण्यात काहीशी सुसंगती दिसली, हेही सांगायला हवे. तरीही एका प्रसंगावरून मुलाच्या 'चारित्र्या'वर शिक्का मारण्यात किती धोका आहे, ते या अभ्यासाने दाखवून दिले.

ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ब्रूक्स यांनी २००३ मध्ये नेमक्या याच आधारावर हान यांच्या परंपरेवर टीका केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: शिबिरात मूल वेगळे वागते, कारण शिबिरातली परिस्थिती वेगळी असते. तिथे घंटा नाही, गुणपत्रिका नाही, आणि भांडून चालत नाही, कारण रात्री एकाच तंबूत झोपायचे असते. आपण ते वागणे पाहतो आणि श्रेय परिस्थितीला न देता मुलाच्या स्वभावातल्या बदलाला देतो. इतरांच्या वागण्याची कारणे त्यांच्या स्वभावात शोधण्याची ही चूक माणसे सर्रास करतात, आणि मानसशास्त्रात ती चांगली परिचित आहे. मूल घरी परतले की परिस्थिती जुनी, म्हणून वागणेही जुने. "शिबिरात तर पहाटे पाचला उठत होता," असे सांगणाऱ्या पालकांना याचा अनुभव असतोच.

आकडे काय म्हणतात?

टीका ऐकली, आता दुसरी बाजू. साहस-शिक्षणाच्या बाजूने सर्वांत जास्त दाखला दिला जातो तो जॉन हॅटी, हर्बर्ट मार्श, जेम्स नील आणि गॅरी रिचर्ड्स यांच्या १९९७ मधील निबंधाचा. त्यांनी ९६ अभ्यास एकत्र केले; त्यांत १५१ गट आणि बारा हजारांहून अधिक व्यक्ती होत्या. निरनिराळ्या मोजपट्ट्यांवरचे बदल एका मापात आणण्यासाठी त्यांनी बदलाला गुणांच्या प्रमाण विचलनाने भागले. कार्यक्रम संपतानाचा सरासरी परिणाम ०.३४ आला.

हा आकडा मोठा की लहान? शिबिरापूर्वीच्या गुणांनुसार शंभर मुले चढत्या क्रमाने रांगेत उभी केली, तर सरासरी मूल पन्नासाव्या जागेवर असेल. शिबिरानंतर तेच मूल त्या जुन्या रांगेत सुमारे त्रेसष्टाव्या जागी जाईल. बदल आहे, पण चमत्कार नाही. वर्गात राबवल्या जाणाऱ्या उपक्रमांचा परिणामही साधारण एवढाच असतो, असे निबंधाचे लेखकच सांगतात.

त्यांना आश्चर्य वाटले ते पुढच्या आकड्याचे. काही काळ गेल्यावर पुन्हा मोजणी केलेल्या अभ्यासांत परिणाम ओसरलेला नव्हता. उलट त्यात सरासरी ०.१७ ची भर पडली होती. दोन्ही मिळून ०.५१, म्हणजे शंभरांच्या रांगेत जवळजवळ सत्तरावी जागा. शाळेत शिकवलेले सहा महिन्यांत किती उरते, हे आपल्याला चांगलेच माहीत आहे. म्हणून हा निष्कर्ष दुर्लक्षून चालणार नाही.

परंतु तो वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मोजपट्टीची. यांतील बरेचसे मोजमाप मुलांनी स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावल्यांचे आहे. 'मी अडचणीला तोंड देऊ शकतो' या स्वरूपाच्या विधानापुढे मूल खूण करते. शिबिराच्या शेवटच्या दिवशी, शेकोटीची धग अंगात असताना, ती खूण कुठे होईल ते सांगायला नको. दुसरी गोष्ट वाफ्याची. शिबिराला न गेलेल्या तशाच मुलांशी तुलना सर्वच अभ्यासांत नव्हती. वाढत्या वयाची मुले काही महिन्यांत अशीही बदलतात. तिसरी गोष्ट सरासरीची. कार्यक्रमाकार्यक्रमांत आणि मुलामुलांत मोठी तफावत असल्याचे निबंधात स्पष्ट नोंदलेले आहे, आणि लांब मुदतीच्या, विशेषतः वीस दिवसांहून अधिक चालणाऱ्या, कार्यक्रमांचे परिणाम अधिक चांगले आढळले. सव्वीस दिवसांच्या मोहिमेचा आकडा तीन दिवसांच्या शिबिराने आपल्या पत्रकावर छापणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले कणीस दाखवून आपले खत विकणे. निबंधाच्या लेखकांपैकी रिचर्ड्स हे स्वतः ऑस्ट्रेलियातील आउटवर्ड बाउंडशी संबंधित होते, हेही वाचकाला माहीत असावे. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण स्वतंत्र पडताळणीची गरज वाढते.

दोन शिबिरे, दोन फळे

वरच्या वादात मला सर्वांत बोलकी वाटते ती मार्श आणि रिचर्ड्स यांच्याच दोन अभ्यासांची जोडी. १९८६ च्या अभ्यासात त्यांनी आउटवर्ड बाउंडचा सव्वीस दिवसांचा नेहमीचा शिक्षणक्रम तपासला. मुलांची स्व-प्रतिमा त्यांनी एका आकड्यात न मोजता वेगवेगळ्या भागांत मोजली: शरीराबद्दल, मैत्रीबद्दल, भावनांबद्दल, अभ्यासाबद्दल. वाढ दिसली ती मुख्यतः कार्यक्रमाचा ज्या भागांशी संबंध होता त्यांत, आणि दीड वर्षानंतरही ती टिकून होती.

१९८८ चा अभ्यास वेगळ्या कार्यक्रमाचा होता. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी आउटवर्ड बाउंडने सहा आठवड्यांचा निवासी वर्ग घेतला होता. तिथे उद्दिष्टच वाचन आणि गणित हे होते; पालकांनाही त्यात ओढले होते. या मुलांचे वाचन आणि गणित सुधारले, आणि स्व-प्रतिमा वाढली ती अभ्यासाच्या भागात. बाकीच्या भागांत फारसा फरक पडला नाही.

संस्था तीच, मापन करणारे तेच, पण फळे वेगळी. जिथे डोंगर चढायला लावले तिथे डोंगराजवळचे गुण वाढले; जिथे गणित करायला लावले तिथे गणिताचा विश्वास वाढला. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांना हे वाचून नवल वाटले नसते. 'व्यक्तिमत्त्व विकास' नावाचे एकसंध पीक कुठेच उगवत नाही. जे पेरले, ज्याची मशागत केली, तेच येते.

विश्वास येतो कुठून?

मग नंतरच्या ०.१७ चे काय? ती वाढ डोंगरावर झालेली नाही. मुले घरी परतल्यावर झाली आहे. ती खरी असेल तर तिचे कारणही घरी आणि शाळेतच शोधायला हवे.

अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना येथे उपयोगी पडते. 'हे काम मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो, असे ते म्हणतात: स्वतः ते काम पार पाडल्याने, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहिल्याने, कोणी धीर दिल्याने, आणि छातीची धडधड, तळहाताचा घाम यांचा आपण लावलेल्या अर्थाने. यांत पहिली वाट सर्वांत पक्की. दोराने पहिल्यांदा कडा उतरणाऱ्या मुलीच्या बाबतीत चारही वाटा एकाच वेळी उघडतात. मैत्रीण आधी उतरलेली असते, वरून कोणी धीर देत असतो, छाती धडधडत असते आणि तरीही पाय खडकावर टिकतात. खाली पोचल्यावर तिच्या हाती एक पुरावा असतो.

पण हा पुरावा कडा उतरण्याचा आहे. त्याचा फळ्याजवळ जाऊन गणित सोडवण्याशी संबंध आपोआप जुळत नाही. कोणीतरी तो जुळवून द्यावा लागतो आणि वापरण्याची संधीही द्यावी लागते. संधी मिळाली तर मूल नवे काहीतरी करून पाहते, ते जमते, विश्वास वाढतो, आणखी काही करून पाहते. नंतरची वाढ अशा साखळीने होत असावी, असे मला वाटते. संधी मिळाली नाही तर पहिली कडी तशीच गंजून जाते.

या पहिल्या वाटेची एक अटही आहे: काम मुलाने स्वतः केलेले असावे. ढकलून उतरवलेल्या मुलाला पुरावा मिळतो तो आपल्या असहायपणाचा. 'भीती मोडायची' म्हणून रडणाऱ्या मुलाला दोरावर लटकवणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. शेवटच्या दिवशी त्या मुलानेही कागदावर 'माझा आत्मविश्वास वाढला' असेच लिहिले, कारण सगळे तेच लिहीत होते.

एकशे सव्वीस लिटर

एक अनुभव सांगतो. तो पुरावा म्हणून नव्हे, उदाहरण म्हणून घ्यावा. मार्च महिन्यात आम्ही नववीची ४२ मुले घेऊन एका गडावर मुक्कामाला जाणार होतो. पाण्याचे काम चार मुलांवर सोपवले. माणशी तीन लिटर धरले तर १२६ लिटर, म्हणजे १२६ किलो. पाठीवर प्रत्येकी तीन किलो. त्यात स्वयंपाकाचे पाणी नव्हतेच. हिशेब मांडल्यावर मुलांच्या लक्षात आले की सगळे पाणी वाहून नेणे शक्य नाही. मग त्यांनी पायथ्याच्या गावात चौकशी केली की मार्चमध्ये गडावरच्या कोणत्या टाक्यात पाणी असते, ते पिण्याजोगे असते का, आणि त्या बाजूला आग्या मोहोळ तर नाही. शेवटी स्वयंपाक वर न करता पायथ्याशीच करून नेण्याचे ठरले. ते त्यांनी ठरवले. आम्ही फक्त आकडे तपासले.

त्या चौघांपैकी एक मुलगा वर्गात फारसा न बोलणारा होता. पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तयारीत तो आपण होऊन म्हणाला, "सर, पाण्याचा हिशेब कोणी केलाय का?" आणि त्याने तो करून दिला. वह्या मात्र तो पूर्वीसारख्याच उशिरा देत राहिला. त्याचे 'चारित्र्य' बदलले, असे मी म्हणणार नाही. माणसे जमणार असतील तिथे पाण्याचा विचार आधी करायचा, आणि तो आपल्याला जमतो, एवढे त्याला कळले होते. तो दोराने कडाही उतरला होता. त्याबद्दल पुढे कधी बोलल्याचे मला आठवत नाही.

हान यांच्या मूळ कल्पनेतही हाच भाग मोलाचा होता, असे आता वाटते. गॉर्डनस्टनची मुले तटरक्षकांच्या बरोबरीने किनाऱ्यावर पहारा देत. त्यांच्यावर टाकलेले काम खरे होते. चूक झाली तर कोणाचे तरी नुकसान होणार होते. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी मांडलेल्या नयी तालीमची प्रेरणा अगदी वेगळी असली, तरी मुलाच्या हाती खरे काम देण्याचा आग्रह दोन्हीकडे सारखाच आहे. नक्कल करणाऱ्यांनी पहारा वगळला आणि थरार तेवढा उचलला, कारण थरार तीन दिवसांत बसतो आणि त्याचे छायाचित्रही निघते.

धोका कशासाठी?

थराराचे गणित चुकले तर काय होते, याचे एक उदाहरण प्रत्येक शिक्षकाला माहीत असावे. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम उपसागरात आठ शाळकरी मुले आपल्या शिक्षकासह आणि दोन प्रशिक्षकांसह छोट्या होड्यांतून निघाली. वारा त्यांना खोल समुद्राकडे घेऊन गेला, होड्या उलटल्या, आणि थंड पाण्यात तास न् तास गेल्यावर चार मुले दगावली. प्रशिक्षकांजवळ अशा फेरीला पुरेसा अनुभव नव्हता. त्या केंद्रात पूर्वी काम केलेल्यांनी सुरक्षेतील त्रुटींबद्दल आधीच लेखी इशारा दिला होता, हे पुढे उघड झाले. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या संचालकाला १९९४ मध्ये मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली आणि १९९५ मध्ये ब्रिटनने अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला.

मुलांना वाटणारा धोका आणि प्रत्यक्षातला धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पक्क्या दोरावर कडा उतरताना भीती खूप आणि धोका कमी असतो. भरल्या धबधब्याखाली हसतखेळत उभे राहताना भीती नसते, धोका मात्र मोठा असतो. विश्वास वाढवायला पहिल्याची मदत होऊ शकते; दुसऱ्याने फक्त बळी जातात. हा फरक मुलांना ओळखता येऊ लागला तर तेच डोंगराने दिलेले मोठे शिक्षण म्हणावे लागेल.

पत्रक हाती आल्यावर

तेव्हा पुढच्या वेळी पत्रक हाती आले की चार प्रश्न विचारावेत. मुले इथे स्वतः नेमके काय करणार आहेत? त्यातले कोणते निर्णय खरोखर त्यांचे असतील? 'नको' म्हणण्याची मुभा आहे का, आणि सुरक्षेची जबाबदारी कोणत्या अनुभवाच्या माणसावर आहे? चौथा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा आहे: परतल्यावर हे सारे वापरायला आपल्या शाळेत जागा कुठे आहे?

शेवटच्या दिवशी भरून घेतलेले कागद बाजूला ठेवावेत आणि तीन महिन्यांनी वर्गाकडे पाहावे. कोण कशासाठी पुढे येऊ लागला, कोणी कोणते काम अंगावर घेतले, याच्या साध्या नोंदी ठेवाव्यात. शिबिराला न आलेल्या मुलांच्याही ठेवाव्यात. पाच-सहा शाळांनी जरी हे नेटाने केले तरी आपल्याकडच्या मुलांबद्दल आपल्याला आपले काही बोलता येईल. मुलांना डोंगरात जरूर न्यावे. ती परत येतील तेव्हा त्यांच्यासाठी एखादे खरे काम मात्र तयार ठेवावे.